अवसेचा ताण

आमच्या घरातले पुरुष लोखंडाला दोर समजत. हे लिहिताना मला अजून राग येतो आणि हसूही येतं, पण आधी नीट सांगते. माझ्या आजोबांचा खाडीत पडाव, म्हणजे मालाची मोठी होडी, होता. अवसेला, म्हणजे अमावास्येला, खाडीला उधाण येतं, पाणी बांधावर चढू बघतं, म्हणून अवसेच्या सकाळी घरातला प्रत्येक पुरुष पडावावर जाऊन एकेक दोर ओढून ताणायचा. आधी आजोबा, मग थोरला मुलगा, मग धाकटा, असं वयानं. दोर वापरून सैल पडतो, तीन-चार हातांनी ताणला की परत घट्ट बसतो, त्यात काही खोटं नव्हतं. पुढे खाडी गाळानं भरत गेली, पडाव गेला, आणि माझ्या बाबांनी त्याच्या जागी डिझेल टेम्पो आणला. पडाव गेला तरी अवस काही गेली नाही. दर अवसेला टेम्पोला ओवाळायचं आणि मग तात्यांनी, म्हणजे माझ्या थोरल्या काकांनी, पान्याच्या दांड्यावर लांब लोखंडी पाइप चढवून इंजिनाच्या बोल्टांना ताण द्यायचा. मग बाबांनी, मग चुलत भावांनी. प्रत्येकानं दात-ओठ खाऊन जोर लावायचा आणि "बसला!" म्हणून ओरडायचं. मग नारळ. बायकांनी ओवाळायचं, खोबरं चिरायचं, हात धुवायला तांब्या द्यायचा, पण पान्याला हात लावायचा नाही. का, तर पडावाच्या दोराला बाई हात लावत नव्हती. टेम्पो हा पडाव नाही, एवढं सांगायला आमच्या घरात कुणाला तोंड नव्हतं.

आमचं घर पूर्णा गावाच्या जुन्या वस्तीत होतं. आता तिथे गेलात तर तुम्हाला गोदामांचे निळे पत्रे आणि दारात रांगेनं उभे कंटेनर दिसतील, आणि खाडीकाठच्या ज्या दलदलीत, खाजणात, आम्ही चिखलावर उड्या मारणारे मासे, निवट्या, पकडायचो तिथे पहारेकरी तुम्हाला नाव विचारील. तेव्हा मात्र दारातून थेट खाजण दिसायचं. वाऱ्याची दिशा असेल तसा शहराकडून लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, खडखडाट यायचा, दिवसरात्र, आणि लाइट गेली की तो एकदम थांबायचा तेव्हा कान बधिर झाल्यागत वाटायचं. माझ्या आईला आम्ही बय म्हणायचो. बय भल्या पहाटे चूल पेटवायची, तांदळाच्या भाकऱ्या थापायची आणि भरतीनंतर कुणी निवट्या आणून दिल्या तर त्यांचं चिंच घालून असं झणझणीत कालवण करायची की ताट चाटून पुसून लख्ख व्हायचं. निवट्या नसल्या की सुकट. लग्नाआधी बय लूमच्या कारखान्यात कांड्या भरायला जायची, सुताच्या त्या छोट्या नळ्या मशीनवर भरत उभं राहायचं काम. त्या कापसाच्या धुळीनं तिची छाती कायमची धरली होती. टेम्पो आला तेव्हा बाबा तिला म्हणाले होते, आता तुला परत कांडीवर उभं राहावं लागणार नाही. हे ती आम्हाला इतक्यांदा सांगायची की आम्ही तिच्याबरोबर ओठ हलवायचो.

मग बाबा गेले. आजारपणाचं मी लिहीत नाही, ते माझ्याच्यानं होत नाही. टेम्पो दारात उभा राहिला. तात्यांनी एक ड्रायव्हर ठेवला, तो गाडी घेऊन भलतीकडेच भाडी मारायचा. दुसरा ठेवला, तो दुपारपासून झिंगलेला. तिसरा काही मिळेना. मला बाबांनी उन्हाळ्यात कोरड्या खाजणात गाडी शिकवली होती, हौस म्हणून, आणि माझ्या हट्टापायी लायसनही काढून दिलं होतं. एका सकाळी कापडाचे तागे भरायला कारखान्यातून निरोप आला, ड्रायव्हर नाही, आणि मी बयच्या समोरून किल्ली उचलली. बयनं भाकरी फडक्यात बांधून माझ्या हातात दिली. त्या दिवसापासून गाडी मी चालवायला लागले. रस्त्यात लोक थांबून बघायचे. कारखान्याच्या गेटवर "अरे, आज तो मॅडम आई है!" म्हणून शिट्ट्या व्हायच्या. गावातल्या बायका विचारायच्या, हिरे, तुझं लग्न कसं होणार गं? मी म्हणायचे, टेम्पोतून वरात काढीन, तुम्ही चिंता करू नका. तोंडाला माझ्या लगाम कधीच नव्हता, आजही नाही, माझ्या सुनांना विचारा.

त्या अवसेला काय झालं ते असं. ओवाळून झालं. तात्यांनी ताण दिला आणि पाना चुलत भाऊ रमेशच्या हातात दिला. तात्यांनंतर पाळी बाबांची असायची, ती गाळून रमेश बोल्टाकडे वाकला. मला ते बघवेना. मी पुढे झाले, रमेशच्या हातातला पाना घेतला आणि बाबांच्या नावानं एका बोल्टाला जरासा जोर दिला. लावला हात. चूक झाली असं मी त्या दिवशी म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही, पुन्हा वेळ आली तर पुन्हा लावीन. तात्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला, पण सणाच्या दिवशी कटकट नको म्हणून त्यांनी नारळ फोडायला घेतला. आणि नशिबाचा खेळ बघा, दुसऱ्याच सकाळी टेम्पोच्या खाली काळ्या तेलाचं हे एवढं थारोळं.

"बगितलंस?" तात्या बयला ओरडून बोलले, साऱ्या आळीला ऐकू जाईल असं. "बाईचा हात लागला, इंजिनान तेल टाकला. माज्या बापाच्या हयातीत असा झाला न्हवता."

"तेल तं म्हैनाभर पाजरतंय, भावजी," बय बोलली. "पोरगी रोज पुसते."

"पाजरना येगला, गलना येगला. आता ही गाडी घरान ठेवाची न्हाय. टेमघरचा एक गिराईक हाय, आयतवारी बोलावतूं. इकून टाकू."

"आनि मी काय करू? परत कांडीवर जाऊ?"

तात्या थारोळ्यावर पायानं माती ढकलायला लागले. वाईट माणूस नव्हता तो, हे मी म्हातारपणी कबूल करते. पडाव विकला गेला तेव्हा तो दोन दिवस जेवला नव्हता म्हणे. पण तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर फक्त बयची छाती होती, रात्री खोकताना वाजणारी. मी म्हटलं, तात्या, गळती थांबली तर? ते हसले. "थांबव की! आयतवारपरत तेलाचा एक थेंब पडला न्हाय तं गाडी तुमची, मी तिचे बोल्टाला परत हात लावनार न्हाय. आनि पडला तं गाडी जाईल आनि तू गुमान लग्नाला उभी राशील." रमेश खो-खो हसला. बय मात्र माझ्याआधी बोलली. "शब्द दिलाव भावजी. ध्यानान ठेवा."

आता इंजिनातलं फार काही कळत नसेल तरी एवढं समजून घ्या. इंजिनाच्या पुढच्या टोकाला एक जाड दांडा बाहेर येतो, त्यावर पट्ट्याची पुली बसते. दांडा फिरतो आणि आत तेल असतं, म्हणून दांड्याभोवती रबराची एक कडी असते, तिला ऑइल सील म्हणतात. ती कडी एका कव्हरात बसवलेली असते आणि कव्हर इंजिनाला बोल्टांनी आवळलेलं असतं. कडी कडक झाली की तेल बाहेर. मी बाबांच्या हाताखाली पुष्कळ पाने-पक्कड पोचवले होते, पण हे काम स्वतः कधी केलं नव्हतं. मी आणि बय दारात गोणपाट अंथरून कामाला बसलो. रेडिएटर उतरवला, पट्टा काढला. पुलीचा नट इतका घट्ट की मी पान्यावर उभी राहिले तरी हलेना. शेवटी बय मागून माझ्या खांद्यांवर रेलली आणि आम्ही दोघी एकदम खाली आदळलो. नट सुटला होता. बय हसायला लागली, हसता हसता खोकायला लागली, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले. आळीतले लोक येऊन बघून जात होते. एकजण बोलला, आता मायलेकी इंजिन खोलून मासली भरतील त्यात. बयनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

कव्हर निघालं. सील बोटानं दाबून बघितलं तर सुकलेल्या बोंबलासारखं कडक. बाजारातून नवं आणलं होतं. मला वाटलं, झालं, संध्याकाळपर्यंत गाडी उभी. म्हणून मी नुसती चाचणी म्हणून कव्हर परत लावून वरचा बोल्ट आवळायला घेतला. बोल्ट फिरला. आणखी फिरला. फिरतच राहिला. धरेचना. मी दुसरा घेतला, तोही तसाच. बोल्ट बाहेर काढून बघते तर त्याच्या दातांत चांदीसारखी बारीक तार गुंडाळलेली, इंजिनाच्या भोकातले आटेच, बोल्टाला धरून ठेवणारे ते आतले दात, उपटून आले होते. म्हणजे कव्हर कित्येक दिवस जागेवर नीट बसलेलंच नव्हतं, एका अंगाला जरासं सरकलं होतं, आणि सील दांड्याला सगळीकडून सारखं टेकत नव्हतं. नवं सील घालून काही उपयोग नव्हता, तेही गळलंच असतं.

"आता?" बयनं विचारलं.

मी रडकुंडीला आले होते. पण मग मी बाकीचे बोल्ट एकेक करून तपासले, आणि जे दिसलं त्यानं माझं रडू पार पळालं, डोकंच तापलं. वरचे तीन बोल्ट मेलेले होते. खालचे, ज्यांच्यासमोर लोखंडाची पट्टी आडवी येते आणि जिथे पाइप लावलेला पाना घुसूच शकत नाही, ते सगळे जिवंत. आटे नव्यासारखे. मी बयचा हात धरून तिचं बोट एकेका भोकात फिरवलं. तिला एका शब्दानं सांगावं लागलं नाही. "म्हंजे अवसेचा ताण," ती हळूच बोलली. दोर ताणला की आणखी धरतो, लोखंडाचं तसं नसतं. एका मापापर्यंत आवळायचं आणि हात काढायचा, नाहीतर आटे खचतात. वर्षानुवर्षं दर महिन्याला चार-चार पुरुषांनी जीव खाऊन "बसला, बसला" म्हणत आमचं इंजिन मारलं होतं, आणि नाव झालं माझ्या हाताचं. मला तेव्हाच उठून साऱ्या आळीत बोंब मारावीशी वाटली होती. बय बोलली, "आधी काम. तोंड नंतर."

शहरात लूमचे भाग बनवणाऱ्या एका लेथवर मी बोल्ट घेऊन गेले. लेथवाले इस्माईलचाचा माझ्याकडे न बघताच बोलले, "चूड़ी मर गई है. घर से किसी मर्द को भेज, उसको समझाता हूँ." आट्यांना ते चूड़ी म्हणत.

"घर के मर्दों ने ही मारी है चाचा," मी म्हटलं. "मुझे समझाओ."

त्यांनी मान वर केली, हसले नाहीत. इंजिनच बदला, हे हातानं व्हायचं नाही, ड्रिल तिरकं जाईल, असं बरंच काही सुनावलं. मी हलले नाही. मशीनच्या आवाजात उभी राहिले, गिऱ्हाइकं आली, गेली, चहा आला, चाचांनी माझ्या वाट्याचा चहा परत पाठवला आणि मग थोड्या वेळानं स्वतःच मागवला. शेवटी कंटाळून म्हणाले की भोक मोठं पाडून त्यात नवे आटे कापायचे, मग बाहेरून-आतून आटे असलेली पोलादी बुश त्यात फिरवून बसवायची, आणि जुना बोल्ट त्या बुशीत. बुशी मी करून देतो, आटे कापायचा टॅप आणि ड्रिलही देतो, पण तिरकं गेलं तर माझ्याकडे रडत येऊ नकोस. मी म्हटलं, रडायला घरी जागा आहे.

ड्रिल तिरकं जाऊ नये म्हणून काय करायचं ते बयनं शोधलं. शेजारच्या सुताराचा गुण्या, काटकोनाचं ते लोखंडी माप, तिनं मागून आणला, इंजिनाला टेकवला आणि बाजूला उकिडवी बसली. मी ड्रिल धरलं. "उचल थोडा. आता खाली. हां, थांब. डाव्या अंगाला झुकतंस." ड्रिलच्या टोकाला मी ग्रीस चोपडलं होतं, म्हणजे लोखंडाचा कीस त्यालाच चिकटून बाहेर येतो, इंजिनात पडत नाही. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, असा टॅप फिरवत आटे कापले. हाताला रग लागली, दंड थरथरायला लागले. पहिली बुश आत शिरताना जो घट्टपणा मनगटाला जाणवला, तो आठवला की माझ्या अंगावर अजून काटा येतो. पुढे माझ्या पहिल्या बाळंतपणानंतरही असं समाधान मला वाटलेलं आठवत नाही, आणि हे कुणाला ऐकायला बरं वाटो न वाटो, खरं आहे.

मग सील. ते कव्हरात ठोकून बसवायचं, पण एका बाजूनं ठोकलं तर वाकडं होतं. दांड्यावर जुन्या सीलनं घासून बारीक खोबण पडली होती, म्हणून नवं सील अगदी तळापर्यंत न नेता थोडं अलीकडे ठेवायचं, म्हणजे त्याची ओठासारखी कड गुळगुळीत जागेवर टेकते. हे बाबांनी एकदा सांगितलेलं मला तिथे आठवलं. जुनं सील नव्यावर उलटं ठेवलं आणि त्यावर लाकूड. बय बोलली, "भाकर थापतेस तशी फिरव. एके जागी मारू नको, हात फिरत ठेव." मला भाकरी कधी धड गोल जमली नाही, पण ते सील गोल बसलं. कव्हर लावलं, बोल्ट आवळले, पाइपाशिवाय, मनगटाच्या जोरावर, आणि धरल्यावर हात काढून घेतला.

रविवारी तात्या आले, रमेश आला, मागून टेमघरचं गिऱ्हाईक आपल्या मोटारसायकलवर. मी इंजिन चालू केलं. बयनं आपलं जुनं पांढरं लुगडं घडी करून टेम्पोखाली अंथरलं. इंजिन तापलं, धडधडत राहिलं, आणि आम्ही सगळे एखाद्या देवळात उभे असल्यासारखे त्या लुगड्याकडे बघत राहिलो. रमेश दोनदा खाली वाकून आला. गिऱ्हाईक कंटाळून विडी ओढायला बाजूला गेलं. लुगडं कोरडं. तात्या खाली बसले, स्वतःचं बोट सीलच्या खाली फिरवलं, अंगठ्याला घासलं, हुंगलं. काही नव्हतं. ते उठले आणि काय करावं माणसानं? त्यांनी रमेशकडे हात केला. "पाइप आन. एक ताण देतूं, म्हंजे पक्का बसल."

मी इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि पुली आणि तात्या यांच्या मध्ये उभी राहिले.

"हात लावायचा नाही."

"काय बोललीस?"

"हात लावायचा नाही, तात्या. शब्द तुमचाच आहे." आणि मी ते तीन मेलेले आटे, तारेसारखे गुंडाळलेले, त्यांच्या तळहातावर ठेवले. "हे तुमच्या ताणानं उपटलेत. माझा हात एकदा लागला, तुमचे दर अवसेला. खालचे बोल्ट बघा, जिथे तुमचा पाइप पोचत नाही. सगळे धड आहेत, एकालाही बुश लागली नाही. बोट घालून बघा!" माझा आवाज चढला होता, पण मी मागे सरले नाही. रमेश पाइप घेऊन पुढे आला तेव्हा मी त्याला म्हटलं, आणखी एक पाऊल टाक, मग हाच पाइप तुझ्या नडगीवर. तो थांबला.

तात्यांनी खरंच बोट घातलं. वाकून, जमिनीला गाल लावल्यासारखे झोपून, खालच्या बोल्टांवरून बोट फिरवत राहिले. उठले तेव्हा त्यांच्या तोंडावर राग नव्हता. "मंग अवसेला काय कराचा आमी?" त्यांनी विचारलं, माझ्याशी नाही, बयशी, आणि असं विचारलं की मला क्षणभर त्यांची दया आली.

"नारल फोडा, भावजी," बय बोलली. "तो कितीबी जोरान फोडा."

गिऱ्हाईक विडी टाकून आलं आणि विचारू लागलं, काय ठरलं, गाडी घेऊन जाऊ का? तात्यांनी तळहातावरच्या तारा खिशात टाकल्या. "इकाची न्हाय," ते बोलले, आणि मग स्वतःलाच ऐकू येईल एवढ्या आवाजात, "गाव काय बोलल?"

वळ गावातल्या एका कारखान्यातून तागे उचलायचे होते. मी ड्रायव्हरच्या सीटवर चढले. आमच्याकडे लग्नाकार्याला टेम्पो काढला तरी बायका मागे हौद्यात बसायच्या, पुढची सीट पुरुषांची. बाबांच्या शेजारीसुद्धा बय कधी पुढे बसलेली मी पाहिली नव्हती. बयनं लुगड्याची घडी काखेत मारली, तेलानं काळे झालेले हात तसेच ठेवून पुढचं दार उघडलं, साऱ्या आळीसमोर वर चढली आणि माझ्या शेजारी ऐसपैस बसली.

"बोलू दे गावाला," ती तात्यांकडे बघून बोलली, आणि दार धाडकन ओढून घेतलं. "चल हिरे."